तांदळाच्या कट्ट्यातलं बिऱ्हाड

नागपुरात डॉक्टरकीच्या शाळेत गेलो तेव्हा वाटलं होतं, अवघड काही असेल तर ते इंग्रजी. कसलं काय! अवघड होती खोली. वसतिगृह भरलेलं. आजूबाजूचे घरमालक "काय शिकता?" विचारेपर्यंत गोड बोलायचे आणि उत्तर ऐकलं की दार लावून घ्यायचे. "मढे फाडणारा पोरगा आमच्या घरात? जमायचं नाही."

सौंदडहून निघतानाच बाबांनी बजावलं होतं, "खोली भेटली तं शीक. नाई भेटली तं परत ये, बांधीत माणसं कमीच हायेत." गोड करून सांगणं आमच्याकडं कुणाला जमत नाही. मला मात्र धानाच्या बांधीतल्या चिखलात परत जायचं नव्हतं, काही झालं तरी नव्हतं.

अखेर खोली मिळाली ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मध्ये रेल्वेचं फाटक. मी सायकल दामटत पोचलो की ते पडलंच म्हणून समजा, आणि मग मालगाडी निवांत डबे मोजायला लावायची. आमचे मास्तर हजेरी झाली की वर्गाची कडी लावायचे. त्या फाटकाला मी दिलेल्या शिव्या एकत्र केल्या तर शरीरशास्त्राच्या पुस्तकाहून जाड ग्रंथ होईल.

घरमालक दिवसभर गिरणीत, म्हणून घरात राज्य काकूंचं. त्यांच्या अटी दोन. शाळेतून आलं की उंबऱ्याला शिवण्याआधी विहिरीवर अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ. आणि घरात हाड आणायचं नाही. पहिली अट मी ऐन थंडीत पाळली. माझे दात वाजत असायचे आणि काकू ओट्यावरून सांगायच्या, "कान कोरडा राह्यला, अजून एक बादली घे!"

दुसरी पाळणं शक्यच नव्हतं. परीक्षा जवळ आली, आणि हाडं हातात घेऊन पाठ केल्याशिवाय पास होणार कोण? वरच्या वर्गातल्या एकाकडून अर्धा सापळा मागून आणला, सायकलला पिशवी अडकवून. ठेवायचा कुठं? खोलीत एक खाट, एक कोनाडा आणि घरून आलेला तांदळाचा कट्टा, म्हणजे पोतं. काकू त्या कट्ट्याला कधी हात लावत नसत. दिली हाडं तांदळात खुपसून! वरचे तांदूळ शिजवायचे, खालची हाडं पाठ करायची. किळस वाटली नाही का म्हणता? अहो, परीक्षा डोक्यावर बसली की किळसबिळस कुणाला सुचते!

मी सगळ्यांचा विचार केला, बाबांचा तेवढा केला नाही. धान पिकवणाऱ्या माणसाला कट्टा दिसला की त्याचा हात आत जातोच. आणि तांदूळ पाहायचा तो तळाचा. वर चांगला माल आणि खाली कणी, ही खोड आमच्याकडची पोरंसुद्धा ओळखतात. बाबा एक दिवस खबर न देता येऊन उभे राहिले. पाणी प्यायच्या आधी त्यांनी कट्ट्याचं तोंड सोडलं आणि हात कोपरापर्यंत आत घातला.

"काऊन बे, तांदळात खापर कायले ठेवलं?"

हातात कमरेचं हाड! मी "राहू द्या, राहू द्या" म्हणतोय तोवर ते नीट पाहायला उजेडात, दारापाशी गेले. दारात काकू. बाबांनी हाड त्यांच्यापुढंच धरलं. "पाहा बरं बाई, काय हाय हे?"

काकू दोन पावलं मागं सरल्या. "अगं बाई गं! माणसाचं हाड! मेल्या, माझ्या घरात मसणवटा मांडला? आत्ताच्या आत्ता खोली खाली कर!"

माझी गाळण उडाली. खोली गेली म्हणजे परीक्षा गेली, शाळा गेली. झालं, आता धानाच्या रोवणीला चला!

 बाबांनी हाड हलक्या हातानं खाटेवर ठेवलं, विहिरीवर गेले आणि धोतर-बंडीसकट डोक्यावरून पाणी घेतलं.

"आता धुऊन काय उपयोग?" काकू कडाडल्या. "विटाळ तर घरभर झाला!"

"विटाळाची नाई केली बाई." बाबा निथळत उभे होते. "याचं कोणी असतं तं जाळलं नसतं का? कोणी नसंन, म्हून पोराईच्या हाती आलं. मेल्याच्या नावानं एक आंघोळ तं पडाले पायजे ना. मी केली."

 बाबांचं ते ओलं धोतर पाहून मला रडू फुटलं, आणि ते लपवायलाही सुचलं नाही.

काकू आत गेल्या. मला वाटलं, आता गिरणीतून मालकांना बोलावणं जाणार. पण त्या आल्या त्या पिठलं-भाकरी घेऊन. ज्या घरी कोणी गेलं तिथं चूल पेटत नाही, शेजारानं अन्न द्यायचं असतं. ताट ठेवून त्यांनी मला विचारलं, "बाई होती का बुवा?"

असले प्रश्न परीक्षेत यायचे. मी डोळे पुसून हाड उचललं, फिरवून पाहिलं. "बाई."

"सवाष्ण?"

"हाडावरून ते कळत नाही, काकू."

कसली ही शाळा, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आतून करंडा आणला. "मंग सवाष्णच," म्हणाल्या, हाडाला कुंकू लावलं आणि कोनाड्यातली माझी पुस्तकं बाजूला सारून तिला जागा करून दिली.