मेंढीला टोचलेलं औषध

कतारगाममधल्या माझ्या छोट्या कारखान्यात जंतूंचं जेवण तयार व्हायचं. अगारची, म्हणजे समुद्री शेवाळाची, पूड शिजवायची, ती निवत आली की मेंढीचं ताजं रक्त मिसळायचं आणि प्लेटा ओतून लॅबांना द्यायच्या. रोग्याच्या नमुन्यातला जंतू प्लेटवर वाढला की डॉक्टरांना औषध ठरवता येतं. धुळ्याहून मी कापड विणायच्या लूमवर मजुरीला आलो होतो. हा धंदा पै-पैची घासाघीस करून उभा केला. मेंढीही तशीच आणली. तिचं खाणंपिणं धाकट्या भावाकडे होतं.

त्या खेपेला तपासणीसाठी कोऱ्या प्लेटा रात्रभर उबेत ठेवल्या, तर एकीवरही जंतूंचा डाग आला नाही. आम्ही त्यालाच चोख माल म्हणायचो. एका लॅबनं सगळा घाणा उचलला.

मग तिथल्या डॉक्टरांचा फोन आला. एका बाळंतिणीला ताप होता. तिच्या नमुन्यातून आमच्या प्लेटवर काहीच उगवलं नाही, म्हणून औषध बदललं गेलं नाही. दुसऱ्या लॅबच्या प्लेटवर जंतू दाट वाढला, तोवर ती बेशुद्ध झाली होती. मी फोनवरच भांडायला लागलो. तुमच्याच जंतू वाढवायच्या पेटीची ऊब गेली असेल म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "शेठ, घासाघीस नंतर करा. रक्तात काय होतं ते सांगा."

मी वळून भावाला विचारलं, तेव्हा त्यानं सांगून टाकलं. मेंढीचा पाय सुजला होता. त्यानं गुपचूप तिला पेनिसिलीन टोचून आणलं, आणि दुसऱ्या दिवशी मी मागितलं तसं तिचं रक्त काढून दिलं. जंतू मारायचं औषध आम्ही जंतूंच्याच ताटात वाढलं होतं.

"बोलला का नाहीस?"

"तुले सांगितलं असतं तर तू तिले कसायाकडे धाडलं असतं, भाऊ."

"धाडलंच असतं."

ती बाई वाचली नाही. लॅबांनी आमचा माल घेणं बंद केलं. मी मेंढी विकायला काढली, तर भाऊ तिला टेम्पोत घालून कडोदऱ्याला निघून गेला. आता तो तिथे लूमवर आहे आणि आई त्याच्याकडे राहते. नातेवाईक म्हणतात, त्याला मुक्या जनावराची कणव आली, तुझ्या रागाला भिऊन तो गप्प राहिला. म्हणजे दोष माझाच. मी विचारतो, त्या बाळंतिणीची कणव कुणाला आली? पुन्हा विचारताना माझा आवाज चढतो, आणि सगळे एकमेकांकडे बघतात.