पोटात गाभोळी असलेला हिरा

सराफाकडे सोनं तोलून मिळतं, किस्से मात्र फुकट! चंद्रपूरच्या आमच्या दुकानात मी बिलिंगला बसते, त्यामुळे माझ्याकडे साठाच झालाय. त्यातले निम्मे मनोहरभाऊंचे. हिऱ्यांचं काउंटर त्यांचं. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण खडा आहे त्याहून मोठा सांगायचे नाहीत. मालक कपाळाला हात लावतात, मला मात्र भाऊंचा भारी अभिमान वाटतो. भाऊंची एकच धडपड होती: बायकोची, विमलबाईंची नजर जात चालली होती, ती पुरती जायच्या आत त्यांना एक हिरा दाखवायचा.

*

आरमोरीचे एक काका लेकीच्या अंगठीसाठी आले. त्यांचा भाजीचा मळा. भाऊ म्हणाले, "अर्धा कॅरेट घ्या, हातावर चांगला दिसन."

काका दचकले. त्यांच्याकडे कॅरेट म्हणजे टोमॅटो भरायचा प्लास्टिकचा खोका!

"अर्धा कॅरेट हिरे? अवो, पोरीचं लगन हाय, दुकान नाई टाकून राह्यलो!"

*

माजरीच्या कोळसा खाणीतले एक साहेब. कोळशाची प्रत राखेवरून ठरवायची सवय. "हिरा म्हणजे आपला कोळसाच ना? मंग याची राखड किती?"

भाऊ शांतपणे म्हणाले, "जाळून पाहा. राखड निघाली तं पैसे वापस!"

*

एक नवरदेव डोळ्याला लावलेलं भिंग काढेचना. हिऱ्यात ठिपका शोधत होता. भाऊंनी अंगठी त्याच्या बोटात घातली आणि हात लांब धरायला लावला. "सगाईत पाहुणे भिंग घेऊन येऊन राह्यले का?"

*

पण भाऊंनाही गार केलं ते सिरोंच्याच्या एका मासे विकणाऱ्या बाईंनी. नाकातली चमकी घ्यायला आल्या होत्या. भाऊंनी सारख्याच वजनाचे दोन हिरे पुढे ठेवले. एक मोठा दिसत होता, एक बारका. "सांगा बाई, असं काऊन?" या प्रश्नाला भलेभले इंजिनियर गडबडतात.

बाईंनी बारका हिरा आडवा धरून पाहिला. "याच्या पोटात गाभोळी हाय! वजन अंड्याचं, मासा बारकाच."

अगदी खरं! खोल कापलेल्या हिऱ्याचं वजन बुडाशी लपतं, वरून दिसत नाही. भाऊंनी हात जोडले. "इतके वर्षं मी हेच सांगून राह्यलो, पण असं नाई जमलं!"

*

शेवटी एके दुपारी भाऊ विमलबाईंना घेऊन आले. ऐपतीतली अंगठी त्यांच्या बोटात घातली. बाईंनी हात डोळ्यांजवळ नेला, मग दाराच्या उजेडाकडे धरला. काहीच दिसेना. उशीर झाला होता.

"सांगा ना जी, केवढा दिसते?"

ट्रेमधला सगळ्यात लहान खडा होता तो.

भाऊ म्हणाले, "बोराएवढा!"

बाईंनी अंगठ्यानं खडा हळूच चाचपला. मग लाजून म्हणाल्या, "अवो, एवढा मोठा काऊन घेतला जी?"