आंबेकाकांची मेथी

बाग आणि कोथिंबीर हे दोन शब्द कोणी एका दमात उच्चारले की आंबेकाकांचा चेहरा बदलायचा. "कोथिंबीर हा किराणा आहे," ते म्हणायचे. "बाग म्हणजे झाड. ज्याच्याखाली उभं राहता येतं ते." त्यांच्या स्वतःच्या झाडाखाली उभं राहायचं तर गुडघ्यांत चांगलंच वाकावं लागे, पण हे त्यांना सांगायची आमच्यापैकी कोणाची छाती नव्हती.

फ्रीमाँटमध्ये आमचं टाउनहाउस आणि त्यांचं जुनं घर यांच्या मध्ये एक लाकडी कुंपण होतं. काका चिप बनवणाऱ्या कंपनीतून इंजिनियर म्हणून रिटायर झालेले, मूळचे नागपूरचे. आडनाव वेगळंच होतं, पण सगळी मंडळी त्यांना आंबेकाका म्हणायची. याचं कारण त्यांच्या मागच्या अंगणातलं हापूसचं कलम. दक्षिणेकडच्या एका नर्सरीतून त्यांनी ते गाडीत पुढच्या सीटवर ठेवून, सीटबेल्ट लावून आणलं होतं. सुमनकाकू मागच्या सीटवर बसून आल्या होत्या आणि ही गोष्ट त्या प्रत्येक पाहुण्याला सांगत असत.

काकूंचा संसार स्वयंपाकघराच्या भिंतीलगत होता. प्लॅस्टिकच्या टबांत मेथी, कोथिंबीर, कधी पुदिना. दोघांची भांडणं मला कुंपणापलीकडून ऐकू यायची. काका म्हणत, "तुझी कोथिंबीर रोज पाणी मागते, जरा ऊन तापलं की फुलावर येते आणि संपते. आंब्याला आठवड्यातून एकदा पोटभर पाणी दिलं की तो पुन्हा तोंड उघडत नाही."

"तोंड उघडत नाही आणि फळही देत नाही," काकू म्हणत. "तोवर आमटीवर काय घालू? तुमच्या आंब्याची पानं?"

कलमाला दरवर्षी मोहोर यायचा आणि काका दरवर्षी तो स्वतःच्या हाताने खुडून टाकायचे. मला बघवायचं नाही. "काका, एखादा तरी राहू द्या ना," मी एकदा म्हटलं. "अगं अनघा, खोड अजून मनगटाएवढं आहे. पाळण्यातल्या पोराला बोहल्यावर उभं करायचं का?" हिवाळ्यात थंडीची वॉर्निंग आली की ते झाडावर जुनी ब्लँकेट्स घालायचे आणि आतून ख्रिसमसच्या दिव्यांची माळ सोडायचे, जुन्या पद्धतीचे, गरम होणारे दिवे. आमच्या गल्लीत ख्रिसमस संपल्यावर लागणारे दिवे तेवढेच. "इथली थंडी माणसाला चालते, आंब्याला नाही," असं म्हणत ते ब्लँकेटला चिमटे लावायचे. शेवटी एका वर्षी त्यांनी जाहीर केलं, "यंदा मोहोर काढायचा नाही."

त्याच वर्षी काकूंचं विसरणं लपेनासं झालं. पेरलेल्या टबात त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा धणे पेरायच्या. मला एकाच दुपारी तीनदा विचारायच्या, "तुझं माहेर कुठलं गं?" काका आधी चिडायचे, मग चिडणं थांबलं. लोकांना सांगायचे, "तिची झोप नीट होत नाही." डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, पण ते नाव मी काकांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. मुलगी मीरा सिअॅटलला. ती फोनवर म्हणायची, "डॅड, यू कान्ट डू धिस अलोन." काका म्हणायचे, "बघू गं."

जानेवारीतल्या एका संध्याकाळी मी ऑफिसातून येत होते. थंडीची वॉर्निंग होती, नुकता अंधार पडला होता. काका रस्त्याच्या मधोमध उभे दिसले, पायांत सपाता आणि हातात ब्लँकेट. "सुमन दिसली का?" त्यांनी विचारलं. ते मागे झाडाला पांघरूण घालत होते आणि पुढचं दार नुसतं लोटलेलं राहिलं होतं.

मी त्यांना गाडीत घेतलं. पार्क पाहिलं, इंडियन स्टोअर पाहिलं. काका मांडीवरचं ब्लँकेट मुठीत धरून बसले होते. अचानक म्हणाले, "शाळेकडे घे." मीराची लहानपणीची शाळा. बंद फाटकासमोरच्या बाकावर काकू बसल्या होत्या, अंगावर सुती साडी आणि थंडीने दोन्ही हात काखेत. "अजून सुटली नाही हो शाळा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं काका आता रडतील किंवा ओरडतील. ते काकूंच्या शेजारी बसले. ब्लँकेट त्यांच्या खांद्यांभोवती गुंडाळलं. "आज उशीर आहे म्हणे," ते म्हणाले. "चल, आपण गाडीत बसून वाट पाहू."

घरी आल्यावर मी म्हटलं, झाड मी झाकते. "राहू दे," ते म्हणाले. "तू जाताना दार नीट लावून घे."

सकाळी आंब्याचा पाला काळा पडलेला होता, उकडल्यासारखा. काकांनी वसंत येईपर्यंत वाट पाहिली. अधूनमधून जाऊन ते नखाने साल खरवडायचे, आत हिरवं दिसतं का बघायचे. दिसलं नाही. मग एका रविवारी त्यांनी स्वतः करवत घेतली. मी मदतीला येऊ का असं कुंपणावरून विचारलं, तर मान न वळवता हातानेच नको म्हणाले.

त्यानंतर आंबेकाका मेथी लावू लागले. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं, आणि मग कारण कळलं. "आंब्याला नवी पालवी यायची, तरी तिला ते कळायचं नाही," ते म्हणाले. "मेथी मात्र कळते. आणि तिच्याजवळ आता नवं कलम मोठं होईपर्यंत सात वर्षं थांबण्याइतका वेळ नाही. जे उद्या उगवेल तेच लावायचं." फोडणीच्या डब्यातले दाणे रात्री भिजवून ते दर एक-दोन दिवसांनी नवी कुंडी पेरायचे. त्यामुळे रोज सकाळी कुठली ना कुठली कुंडी नुकती फुटलेली असायची. काकू रोज बाहेर यायच्या आणि रोज म्हणायच्या, "अहो, उगवली!"

"हो का? बघू, बघू," म्हणत काका धावत यायचे. रोज. पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. मी त्यांचा आवाज कधी थकलेला ऐकला नाही.

दुपारी दोघं मेथी निवडत बसायची. काकूंच्या बोटांना सगळं आठवत होतं. "काड्या घेऊ नका, कडू होते," असं त्या काकांना दटावायच्या, आणि आयुष्यात कधी भाजीला हात न लावलेला तो माणूस मान खाली घालून पानं खुडत राहायचा.

पुढे काकू दोनदा पडल्या, आणि मीराने येऊन त्यांना मेमरी केअरमध्ये, विसरणाऱ्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या निवासात, ठेवलं. काका रोज तिथे एक कुंडी घेऊन जायचे, कालची परत आणायचे. एकदा मी सोबत गेले. काकू माझ्याकडे पाहून ओळखीचं हसल्या आणि काकांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे इथले माळी. भला माणूस आहे. रोज येतो." मग आवाज खाली आणून त्यांना म्हणाल्या, "माळीदादा, आमच्या ह्यांना निरोप द्याल? आज गारठा आहे, आंब्यावर पांघरूण घाला म्हणावं."

"सांगतो बाई," काका म्हणाले.

परत येताना ते गाडीत एकदाच बोलले. "माझी आठवण आहे गं तिला. फक्त मी तो नाही."

काकू मार्चमध्ये गेल्या. नंतर काका घर विकून मीराकडे गेले आणि पुढच्या हिवाळ्यात तिथेच वारले. ही बातमी मला फोनवर कळली, त्यामुळे माझ्यासाठी काका संपले ते त्याआधीच, काका आणि मी मेमरी केअरमधून काकूंचं सामान आणायला गेलो त्या दुपारी. स्वेटर, चष्मा, चपला, एवढंच होतं. काका पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, "जरा फिरून जाऊ. घरी काय आहे?"

मी गाडी खाडीकडे नेली. ते पाण्याकडे पाहत होते.

"शेवटचं वर्षभर मी तिला नावाने हाक मारली नाही," ते म्हणाले. "मारली की ती दचकायची. ह्या परक्या माणसाला माझं नाव कसं ठाऊक, म्हणून घाबरायची. म्हणून मग बाई म्हणायचो. शेवटच्या दिवशीसुद्धा बाईच म्हणालो."

मी त्यांचा हात धरला, त्यांनी तो काही वेळ धरू दिला.

घराशी आल्यावर ते पिशवी सांभाळत उतरले. दार उघडलं. आत पाऊल टाकण्याआधी उंबऱ्यात थांबले आणि त्या रिकाम्या घरात, रस्त्यावर मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने, त्यांनी हाक मारली.

"सुमन!"

मग आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.