शनिवारी वाजलेली घंटा

गायकवाड काका शेजारच्या सीटवर बसले की माझी गाडी नुसत्या किल्लीनं सुटत नसे. ते आधी मागं वळून पाहत, दारं नीट लागली का विचारत आणि मग डॅशबोर्डवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करत. ही डबल बेल. ती मिळायच्या आत मी गाडी हलवली तर पुढचा बराच रस्ता ते माझ्याशी बोलत नसत. उभी हयात लाल गाडीच्या स्टिअरिंगवर काढलेला हा माणूस यवतमाळला आमच्या शेजारच्या घरात एकटा राहायचा. बायको वारलेली, मुलगा पुण्याला, आणि नजर अधू झाल्यामुळे गाडी चालवणं बंद. "घंटीवर चाललेला मानूस हाय मी," ते म्हणायचे. "एक वाजली का थांबा, दोन वाजल्या का चाला. याच्यापरीस जास्त कळून कोनाचं भलं झालं?"

त्यांची दुसरी घंटा चर्चची. दर रविवारी सकाळी ती तेच वाजवत, आणि दुसऱ्या कुणी दोराला हात लावलेला त्यांना खपत नसे. कुठलीही घंटा कानावर पडली की तोंडात घास असला तरी ते थांबायचे आणि निकाल द्यायचे. कुल्फीवाला पास, देवळातली घंटा काठावर पास, आमच्या शाळेची घंटा साफ नापास. "जेवाले बोलावून राह्यले का आग लागली, काईच समजत नाई," असं त्यांचं म्हणणं. आता शाळेच्या घंटेत समजायचं काय असतं, हे मला आजही कळलेलं नाही, पण काकांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

दसरा झाला की हा गृहस्थ तीन-चार दिवस गायब व्हायचा. खांद्याला पिशवी, पिशवीत तेलाची बुधली, फडकं आणि नवा दोर. सोयाबीन निघून रस्ते मोकळे झालेले असत, कापूस फुटायला लागलेला असे, आणि काका जिल्ह्यातल्या लहानसहान गावांतली चर्चं पालथी घालत फिरत. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. मला भोचकपणाची सवय, म्हणून एकदा विचारलंच. "बसून राह्यलेल्या घंटेची जीभ जड होते," काका म्हणाले. "मानसासारखंच हाय ते. सालातून एकदा कोनी बोलतं करा लागते." एवढ्यानं माझं समाधान होणार नव्हतं. त्यामुळे त्या वर्षी बसची पाटी वाचता येत नाही म्हणून त्यांनी मलाच गाडी काढायला सांगितलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. आम्ही बौद्ध. काकांच्या देवाशी माझी ओळख नाताळच्या करंज्यांपुरतीच. दसऱ्याला नागपूरला जाऊन आले, ऑफिसात शुक्रवारची रजा टाकली आणि आम्ही निघालो.

नव्यानं गाडी शिकलेल्या बाईनं निवृत्त ड्रायव्हरला शेजारी बसवू नये, हा धडा मला आर्णीच्या आतच मिळाला. काका पायानं हवेत ब्रेक दाबत होते. जुना थांबा दिसला की म्हणत, "हळू घे वं, सवारी असंन." एका थांब्यावर खरंच एक म्हातारा उभा होता. त्याला गाडीत घ्यावं लागलं, आणि त्याच्यासाठी आम्ही वाकडी वाट करून त्याच्या शेतापर्यंत गेलो. मी चिडले होते. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसानं पांढरी झालेली रानं पाहून माझा राग फार टिकला नाही.

काकांची पद्धत ठरलेली होती. आधी घंटेची कड पुसायची, खिळीला तेल द्यायचं, दोर ओढून पाहायचा. मग परीक्षा. एक ठोका द्यायचा, डोळे मिटायचे, आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐकत राहायचं आणि मगच दुसरा. "रविवारची घंटा घाईची असते," त्यांनी मला शिकवलं. "चाला, चाला, उशीर झाला, अशी. मातीची घंटा सावकाश. जानाऱ्याले कायची घाई?" कुणाला पुरायचं असलं की ती संथ घंटा वाजवायची, ऐकेल त्यानं हातातलं काम टाकून यायचं, असा रिवाज.

शनिवारी दुपारी फुलसावंगीला चहाला थांबलो, तर काकांनी कपाला हातही लावला नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "आता बहिनीच्या गावाले जाऊन राह्यलो. यंदा तिले घेऊनच येनार." मार्था त्यांची मोठी बहीण. उमरखेडच्या अलीकडं, आडरस्त्यावरच्या गावात एकटी राहायची. गावातली बाकीची ख्रिस्ती घरं एकेक करून शहरात निघून गेली होती. चर्चला कुलूप होतं. "रातीबेराती तिचं काई झालं तं माती कोन देईन तिले?" काका म्हणाले. "चार खांदे कुठून आनशीन?" चहा तसाच निवून गेला. तेल-दोराच्या त्या फेरीचं शेवटचं गाव दरवर्षी हेच का असायचं, ते मला तेव्हा उमगलं.

मार्थाबाई भाकरी थापत होत्या. भावाचं सगळं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं आणि परातीतून मान वर न करता म्हणाल्या, "माही शेळी गाभन हाय." विषय संपला. काका तणतणत उठले, तेलाची बुधली घेतली आणि घरामागच्या चर्चकडं गेले. चर्चपुढं दोन सागवानी खांबांमध्ये घंटा टांगलेली होती. त्यांनी ती पुसली, तेल दिलं, दोर बांधला. एक ठोका दिला. डोळे मिटले. आवाज विरल्यावर दुसरा. मग तिसरा. एरवी परीक्षा दोन ठोक्यांत संपायची, पण आज रागात त्यांचा हात थांबला नाही.

आधी जवळच्या शेतातलं मळणीयंत्र बंद पडलं. मग शेताच्या धुऱ्यावरून बाया येताना दिसल्या, कमरेला कापसाच्या ओट्या तशाच भरलेल्या. आमच्यापाशी येऊन त्यांनी डोक्यावर पदर घेतले आणि मुकाट उभ्या राहिल्या. विहाराकडून दोन माणसं पांढऱ्या कापडाची घडी घेऊन आली. मोटारपंप दुरुस्त करणारे शकीलभाई फटफटीवर कुदळ-फावडं आडवं टाकून आले. एक म्हातारी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. आणि काका डोळे मिटून ठोके देतच होते.

मी त्यांची बाही ओढली. "काका, एवढे लोक काहून आले?"

त्यांनी डोळे उघडले. लोकांकडं पाहिलं, हातातल्या दोराकडं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. रविवारची घंटा या गावानं कितीतरी वर्षांत ऐकली नव्हती. इथं घंटा वाजे ती फक्त मातीची. आणि गावात ख्रिस्ती घर उरलं होतं एकच.

तेवढ्यात गर्दीच्या मागून काठी टेकत, पिठाच्या हातांनी मार्थाबाई आल्या. "कोन गेलं रे?" त्यांनी विचारलं.

शकीलभाई घसा खाकरून म्हणाले, "मावशी, तुम्हीच."

रडणाऱ्या म्हातारीनं मान वर केली. "मंग मी कायले रडून राह्यली?" ती भडकलीच. बायांना हसू आवरेना. मार्थाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एकेका चेहऱ्याकडं नीट पाहून घेतलं. मग त्यांची नजर कुदळीवर गेली.

"अन् खोदनार कुठं होता?"

"चाचाच्या बाजूले," मार्थाबाईंच्या नवऱ्याच्या कबरीकडं हात करत शकीलभाई म्हणाले. "पावसाळा झाला का दरसाली तिथलं गवत काढून ठेवतो ना मी. तुम्हाले सांगतलं नोतं, बरं दिसत नाई म्हनून."

"बरं," मार्थाबाई म्हणाल्या. "आलेच हा तं चहा घेऊन जा." त्या चुलीकडं वळल्या. दोघीतिघी कपबशा मागायला शेजारी पळाल्या. पांढरं कापड आणणाऱ्यांनी ते पिशवीत कोंबलं आणि अवघडून बसले.

काका चर्चच्या पायरीवर बसून रडत होते. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी जवळ जाऊन बसले. खरं सांगायचं तर मला मार्थाबाईंचा हेवा वाटत होता. जिवंतपणी असं काही कुणाच्या वाट्याला येतं का?

रविवारी आम्ही परतलो ते दोघंच. बहिणीला चल म्हणून काकांनी पुन्हा विचारलं नाही. आर्णी मागं पडल्यावर ते अचानक म्हणाले, "सुनंदा, आपल्या कॉलनीत माह्यासाठी घंटा वाजली तं कोन येईन वं?"

"सगळे येतील ना, काका," मी म्हटलं. म्हणताना मलाच ते खोटं वाटलं.

"येतीन ना," ते म्हणाले. "व्हॉट्सॲपवर येतीन."

मी हसले. ते हसले नाहीत. बहिणीच्या एकटेपणाची काळजी वाहत वर्षानुवर्षं फिरलेला हा माणूस आमच्या भिंतीपलीकडं किती एकटा होता, ते मला त्या रस्त्यावर पहिल्यांदा दिसलं.

नाताळच्या आधीच काकांनी घराला कुलूप लावून बहिणीकडं राहायला जायचं ठरवलं. पुण्याहून मुलाचे फोन मला येऊ लागले. "ताई, बाबांना समजवा. तिथं धड दवाखाना नाही, काही नाही." मुलाचं काही चुकत नव्हतं. मी समजवायला गेले, तर काका ट्रंक बांधून तयार. मग मीच त्यांना सोडायला गेले. मार्थाबाईंनी ट्रंकेकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी पाय धू." शेळीला दोन पिलं झाली होती. शकीलभाईंनी ट्रंक उचलून आत नेली.

निघताना काका गाडीच्या खिडकीशी आले. मी गाडी सुरू केली होती, पण ते काचेवरचा हात काढेनात. मला वाटलं, क्लचबद्दल काही सांगतील.

"पोराचा फोन येईन," ते म्हणाले. "तुले गळ घालीन, बाबाले आना म्हनून. आयक माहं. मले न्यायले येऊ नोको. भेटायले ये."