खंडेनवमीला जळलेला अ‍ॅम्प्लिफायर

कंपनीनं मला घरी बसवलं तेव्हा सगळ्यांनी एकच सल्ला दिला, आता आराम कर. नवऱ्यानं दिला, पुण्याच्या नणंदेनं फोनवरून दिला, खालच्या मजल्यावरच्या अक्कांनी लिफ्टमध्ये दिला. मी अख्खी नोकरी दुसऱ्यांनी बनवलेले सर्किट बोर्ड तपासण्यात घालवली होती. त्यांच्या चुका शोधायच्या, शेरा मारायचा, परत पाठवायचं. स्वतःचं म्हणावं असं एकही यंत्र माझ्या हातून झालं नव्हतं, आणि आता म्हणे आराम कर. मी जेवताना जाहीर केलं की मी घरी अ‍ॅम्प्लिफायर बनवणार, ट्रान्झिस्टरचा, दोन मोठे स्पीकर दणकून वाजवेल असा.

"अगं, हवा तर चांगलासा विकत आणू," नवरा म्हणाला.

"विकतचा मी केलाय असं सांगता येईल का?"

तो भाजी वाढून घेऊ लागला. मनानं चांगला आहे, पण सॉफ्टवेअरवाला. सोल्डरिंगचा धूर दिसला की घरभर खिडक्या उघडत फिरतो.

मला कौतुक हवं होतं, हे आधीच सांगून टाकते. चार लोकांनी म्हणावं की हे हिनं केलं, एवढंच. यात लाजण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. चकल्या चांगल्या झाल्या की लोक कुणी केल्या म्हणून विचारतात, मग अ‍ॅम्प्लिफायरनं काय घोडं मारलंय?

सामान आणायला एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेले. दुकानदारानं ट्रान्सफॉर्मर काउंटरवर ठेवला आणि माझ्या पाठीमागे बघत विचारलं, "मॅडम, सर बरल्वा?" सर येणार नाहीत का, म्हणजे.

"सर अल्ल. नाने माडोदु," मी म्हटलं. करणारी मीच. मी बेळगावची, त्यामुळे माझं कन्नड इथल्यापेक्षा जरा ठसक्यात निघतं. तो "सरी सरी" म्हणाला आणि पैसे घेताना पुन्हा बजावलं की वायरी जोडायच्या आधी सरांना एकदा दाखवा. ट्रान्सफॉर्मर चांगलाच जड होता. मी तो बसस्टॉपपर्यंत हातात नेला. रागात वजन कमी वाटतं.

जेवणाचं अर्धं टेबल माझं झालं. उरलेल्या अर्ध्यावर घर जेवू लागलं. सासूबाई समोर बसून गवार मोडायच्या आणि मधूनमधून विचारायच्या, हे काय, ते काय. मी सांगायचे. हे चार मोठे काळे ट्रान्झिस्टर म्हणजे सगळी ताकद, ते तापतात म्हणून ॲल्युमिनियमच्या पंखांवर बसवायचे, पण मध्ये अभ्रकाचा पातळ तुकडा घालायचा, नाहीतर करंट भलतीकडे जातो. त्या म्हणायच्या, म्हणजे उन्हात वाळवायच्या डाळीखाली फडकं घालतो तसं. मी म्हणायचे, साधारण तसंच.

पहिल्यांदा चालू करताना घरच्या बोर्डातली वीज थेट द्यायची नसते. मध्ये एक जुना तारेचा बल्ब जोडायचा. आत काही चुकलं असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि घाव स्वतःवर घेतो. माझा बल्ब क्षणभर उजळला आणि मंदावला. स्पीकरमधून खरखर नाही, गुणगुण नाही, आणि मग रेडिओवरच्या बाईचा आवाज आला तो अगदी शेजारी बसून बोलल्यासारखा. मला रडू आलं. सासूबाईंनी गवार बाजूला ठेवून टाळी वाजवली.

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी घरी येऊन सांगितलं की दिवाळी पहाटेला अडचण आहे, क्लब हाऊसचे स्पीकर ठणठणीत आहेत, पण त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर मेलाय. मी म्हटलं, माझा घ्या.

"अरे वा. दादांनी बनवला?"

"मी बनवला."

"अच्छा, अच्छा. तरी वहिनी, एक भाड्याचा सेट आणून ठेवतो. असावा."

"भाड्याचा आणलात तर माझा मिळणार नाही," मी सांगितलं. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. शब्द देऊन झाला होता.

मग आली खंडेनवमी. या शहरात त्या दिवशी रिक्षापासून लिफ्टच्या मोटारीपर्यंत सगळ्यांची पूजा होते, रस्त्यात कुंकू भरलेले कोहळे फुटतात आणि दुचाकी घसरतात. आमच्याकडे विळी, शिवणयंत्र आणि नवऱ्याचा लॅपटॉप मांडला होता. सासूबाईंनी अ‍ॅम्प्लिफायरही पाटावर ठेवायला लावला, झाकण काढून, कारण आतल्या भागांनीही काम केलंय. मी पाणी भरून येईपर्यंत त्यांनी ओल्या हळदीकुंकवाची बोटं प्रत्येक पंखावर आणि चारही काळ्या ट्रान्झिस्टरांवर उमटवली होती. वर अक्षता, वर झेंडू.

कंपनीत बोर्डाला उघडं बोट लावणाऱ्याला मी खोलीबाहेर काढत असे. ती मी, ट्रान्झिस्टरच्या पायांवरून ओघळणारं कुंकू बघत उभी राहिले आणि पुसलं नाही. पूजेच्या दिवशी लावलेलं कुंकू पुसतात का? तुम्ही पुसाल? आरती झाली, सासूबाई म्हणाल्या, आता शुभारंभ कर. कालपर्यंत व्यवस्थित वाजत होता म्हणून मी बल्ब मध्ये न घालता सरळ प्लग लावला.

फट् असा आवाज झाला. झेंडू उडाला. घरातले दिवे गेले, आणि उदबत्तीच्या वासात जळक्या बोर्डाचा वास मिसळला.

नवरा फोनवर अ‍ॅम्प्लिफायरच्या किमती बघू लागला. ते टोमण्यापेक्षा वाईट होतं. सासूबाई आत जाऊन पडल्या. जेवायला बोलावलं तर म्हणाल्या, "माझ्या हाताला यशच नाही गं."

"आई, हाताचं काही नाही, पाण्याचं आहे," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी कोरडं लावू. लावायचं मात्र नक्की."

मी पुन्हा एस. पी. रोडला गेले. "सर एन् हेळिद्रु?" दुकानदारानं विचारलं. सर काय म्हणाले? मी त्याला सांगितलं की सर घरी कपडे वाळत घालताहेत, तू ट्रान्झिस्टर दे. चारही मेले होते, सोबत दोन रेझिस्टर जळून कोळसा झाले होते आणि बोर्डावरची तांब्याची रेघ जळून तुटली होती. रेघेच्या जागी मी जाड तार टाकली. दिसायला ओबडधोबड, पण पहिल्यापेक्षा मजबूत. सासूबाई पुन्हा समोर येऊन बसल्या, आणि अभ्रकाचा नवा तुकडा त्यांनीच धरला, दोन बोटांनी, श्वास रोखून. या वेळी बल्ब घालूनच चालू केला. बल्ब मंदावला. मी नवऱ्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि त्यातलंच गाणं लावलं.

दिवाळी पहाटेला क्लब हाऊस गच्च भरलं होतं. तबल्याची थाप भिंतीपर्यंत जाऊन स्वच्छ परत येत होती, गाणाऱ्या मुलीचा श्वासही ऐकू येत होता. मी स्टेजच्या कडेला अ‍ॅम्प्लिफायरजवळ खुर्ची टाकून बसले होते, पंखांवर हात ठेवून बघत होते. ते चहाच्या कपाइतके गरम होते, हवे तेवढेच. मी फार सुखात होते.

शेवटी सेक्रेटरी माइकवर आले. गायिकेचे आभार, तबलजींचे आभार, फराळाबद्दल महिलावर्गाचे आभार. "आणि इतक्या सुंदर साउंडबद्दल आपल्या दादांचे मनापासून आभार."

टाळ्यांचा कडकडाट झाला. नवरा गडबडून उभा राहिला आणि माझ्याकडे हात करू लागला, पण लोकांना वाटलं तो नमस्कार करतोय. टाळ्या आणखी वाढल्या.

मी आवाजाचं बटण शून्यावर आणलं.

सेक्रेटरींचे ओठ थोडा वेळ तसेच हलत राहिले. मग त्यांनी माइकवर टिचक्या मारल्या, वायर हलवली, पुन्हा टिचक्या मारल्या. हॉल शांत झाला आणि एकेक करत सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, कारण काही बिघडलं की कुणाकडे बघायचं हे त्या सगळ्यांना बरोबर ठाऊक होतं.

मी उभी राहिले. माझा आवाज माइकशिवायही शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

"बिघडलेलं काही नाही," मी म्हटलं. "हा मी केलाय. आभार नीट माना, मग चालू करते."