खडूमामांनी उतरवलेली चार चाकं

खडूमामांकडे गाडी नेली की ते आधी टायरकडे बघतच नाहीत. गाडीभोवती एक फेरी मारतात, गुडघ्यावर हात टेकून "आई गं" म्हणत खाली बसतात आणि विचारतात, "माणसं किती बसणार? डांबरावर किती चालणार, दगडात किती?" घाईतलं गिऱ्हाईक इथंच वैतागतं. त्याला मोठं टायर हवं असतं, तोंडी परीक्षा नको असते.

सुताराच्या कानामागं पेन्सिल असते, तसा यांच्या कानामागं खडू. टायरच्या कडांना तो जाड फासायचा, गाडीत रोज जी माणसं बसणार तीच आणून बसवायची, पुढचं एक चाक फळीवर चढवायचं आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. मग खाली वाकून बॅटरी मारायची. जिथं पांढरं उमटलं, तिथं टायर घासतंय. "पोती ठेवा की मामा, माणसं कशाला हवीत?" असं मी एकदा म्हटलं होतं. म्हणाले, "पोतं वळणावर कलंडत नाही ताई. माणूस कलंडतो." विषय संपला.

अडतीस वर्षं हेच चाललंय. पत्र्याचं दुकान, धापा टाकणारा कॉम्प्रेसर, पंक्चर बघायची पाण्याची टाकी. गुडघे गेलेत. समोरच्या चौकात टायरचं नवं, काचेचं दुकान झाल्यापासून यांच्याकडे उरल्या त्या हातगाड्या, सायकली आणि आमच्यासारखे हट्टी लोक.

आमचा हट्ट म्हणजे आमच्या संघटनेची जीप. डोंगरावरच्या वस्तीतून आठवड्यात दोनदा तीन पेशंट डायलिसिसला खाली आणायचे, संध्याकाळी परत सोडायचे. प्रत्येकासोबत घरचं एक माणूस आणि ड्रायव्हर, असे सात. वाटेत ओढा लागतो. ओढ्यात मधोमध एक दगड आहे, त्यावर जीपचं पोट घासतं. जीप अडकली की तिघांतल्या मास्तरीणबाईंना चादरीत घालून पलीकडे न्यायचं. सत्तरी ओलांडलेली बाई, चादरीतून ओरडते, "अरे, मी गाठोडं आहे का?"

अशात एक साहेब भेटले. सुट्टीच्या दिवशी चिखलात आणि दगडधोंड्यांत गाड्या घालायचा यांचा क्लब. त्यांनी आम्हाला चार चाकं फुकट दिली, रिमसकट. तेहतीस इंची टायर, साडेबारा इंच रुंद. आमची जुनी जेमतेम एकोणतीस. चाकं बघून आमचा ड्रायव्हर लग्न ठरल्यासारखा लाजला. साहेब मोठ्या मनाचे. म्हणाले, चाकं खडूमामांनीच बसवावीत, काम आवडलं तर क्लबच्या अकरा गाड्यांचं वर्षभराचं काम त्यांचं.

अकरा गाड्या! मामींनी त्याच दिवशी दुकान झाडून घेतलं. एवढं काम मिळालं तर जमिनीवर बसून चाकं काढायला नकोत, गाडी वर उचलणारी लिफ्ट घेता येईल आणि मामांचे गुडघे आणखी काही वर्षं निभावतील, हे त्यांचं साधं गणित.

मामांनी चाकं पाहिली. "नाही बसायची."

"बघितलंत तरी का?" मी म्हटलं.

"बघूनच सांगतोय. रुंद आहेत. वळताना आत घासणार. इंजिनाला ओढायला जड. ब्रेकला थांबवायला जड. उतारावर गाडी कुणाचा बाप थांबवणार?"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मामा, तुम्ही आयुष्यभर नाहीच म्हणत आलात, म्हणून काचवाला मोठा झाला. इथं माणसं चादरीतून न्यावी लागतात आणि तुम्ही इंच मोजत बसलाय!"

हे मी बोलायला नको होतं. पण बोलले, आणि मामींसमोर बोलले. मामींनी नुसतं नवऱ्याच्या गुडघ्यांकडे बघितलं. मामांनी जॅक ओढला.

दुपारी चाकं बसली. रिकाम्या जीपमध्ये एकटा ड्रायव्हर बसला, स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवलं, कुठंच घासलं नाही. साहेबांनी फोटो काढले. "मंगळवारी दुपारी येतो, पहिली फेरी शूट करू, तोवर चाकं उतरवून ठेवा," म्हणाले. मामा फोटोत उभे राहिले, पण कानामागचा खडू काढून खिशात टाकला होता. मला ते दिसलं. पण जीप चढणार म्हणून मी खूश होते.

मंगळवारी दवाखान्याची वेळ लवकरची, त्यामुळे आदल्या संध्याकाळीच पेशंटना जुन्या चाकांवर खाली आणून आमच्या ऑफिसात झोपवलं होतं. नवी चाकं ड्रायव्हरनं पहाटे परत चढवली आणि जुनी मामांच्या दुकानात ठेवली. दवाखाना आटोपला, दुपारी वर निघायचं. सातही माणसं बसली. साहेब कॅमेरा घेऊन हजर. तेवढ्यात कोपऱ्यावरून खडखडाट आला. मामा हातगाडी ढकलत येत होते. हातगाडीवर आमची जुनी चार चाकं आणि एक फळी.

"कुणी उतरू नका," ते म्हणाले. "ड्रायव्हर, फळीवर घे."

"मामा, आता कशाला?" साहेब हसून म्हणाले. "टेस्ट झालीय की."

"रिकाम्या गाडीची झालीय. रिकामी गाडी डायलिसिसला जात नाही."

खडू फासला. चाक फळीवर चढलं. स्टिअरिंग फिरलं. आतून खर्रर्र असा आवाज आला. मास्तरीणबाई म्हणाल्या, "माझी हाडं नव्हेत ना ही?" सगळे हसले. मामा हसले नाहीत. माणसं उतरवली, ते रस्त्यावर उताणे पडले आणि मला म्हणाले, "ताई, या. तुम्हीच बघा."

मी आडवी झाले. ब्रेकच्या रबरी पाइपावर बोटभर पांढरा पट्टा उमटला होता.

"दहा-बारा वळणांत पाइप तुटेल," मामा हळू म्हणाले. "वर जाताना तुटला तर नशीब. उतरताना तुटला तर..." खडूचं बोट शर्टाला पुसलं. मग म्हणाले, "परवा मला कळत होतं. कळत असून बसवली. थकलोय मी ताई, नाही म्हणून म्हणून थकलोय."

मी उठले आणि जीपमधला जॅक काढून त्यांच्यापुढं ठेवला.

साहेब चिडले. कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. "पाइपला क्लिप मारा, चाकावरचा पत्रा कापा, सगळे कापतात!" मामा नट सोडवत राहिले. "कापा ना तुमच्या गाडीचा. तुम्ही हौसेनं जाता. ही माणसं हौसेनं जात नाहीत." साहेबांनी चाकं गाडीत घातली आणि गेले. जाताना अकरा गाड्यांचा विषय कुणी काढला नाही. काढायची गरजच नव्हती.

जुनी चाकं चढवताना मामांनी विचारलं, "पोट घासतं ते नेमकं कुठं?"

"ओढ्यातल्या दगडावर."

"एकच दगड?"

"एकच."

"मग तो काढला का नाहीत?"

आता हे सांगायची लाज वाटते, पण सांगते. त्या रस्त्यासाठी आम्ही नऊ वर्षं अर्ज करतोय. दोनदा धरणं धरलं. दगड आम्हीच काढला तर बांधकाम खातं म्हणणार, बघा, वाट चालू आहे, रस्ता कशाला? म्हणून बैठकीत ठराव करून आम्ही तो दगड तसाच ठेवला होता. पुरावा म्हणून. वस्तीतल्या कुणाला हात लावू दिला नव्हता.

मामांनी सगळं ऐकलं. पान्हा खाली ठेवला. "म्हणजे दगड तुमचा, आणि टायर मी मोठं करायचं?"

मास्तरीणबाई रस्त्याकडेला बसूनच बोलल्या, "आणि चादरीत मी."

शुक्रवारी दोन पहारी आणि सहा माणसं घेऊन आम्ही दगड बाजूला लोटला. पाऊण तास लागला. आधी त्याचे फोटो काढून अर्जाला जोडले, एवढी अक्कल अजून शाबूत होती. पुढच्या आठवड्यात मामांनी चाकं बदलली. तीस इंची, साडेनऊ रुंद. मी म्हटलं, "इंचभर वाढलं म्हणजे पोट इंचभर वर आलं."

"अर्धा. अर्धा इंच वरच्या बाजूला जातो." सातही माणसं बसवून खडू लावला. कुठंही उमटला नाही.

क्लबच्या गाड्या आता काचेच्या दुकानात उभ्या असतात, मामांच्या पत्र्याच्या दुकानातून समोर दिसतात. मी म्हटलं, साहेबांना गाठते, चार शब्द सुनावते, नाहीतर माफी मागते, जे लागेल ते. लिफ्टसाठी संघटनेतून काही बघते.

"काही करू नका," मामा म्हणाले. जमिनीवरच बसले होते, एक पाय लांब करून, मांडीवर हातगाडीचं चाक. आतून मामी म्हणाल्या, "बघू दे की त्यांना. गुडघे माझे नाहीत, पण रात्री चोळते मीच."

मामांनी मांडीवरचं चाक एकदा फिरवलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बघा मग लिफ्टचं. पण मापाच्या बाबतीत मध्ये बोलायचं नाही."

"नाही बोलणार," मी म्हटलं, आणि त्यांना उठायला हात दिला.