मी पुसून टाकलेला हात

ही फजिती मी स्वतःच्या तोंडाने सांगावी का, यावर मी बराच विचार केला. पण अक्का ती दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतातच, आणि दर खेपेला तिच्यात थोडी भर घालतात. मागच्या आठवड्याच्या आवृत्तीत मी म्हणे रडले होते! तेव्हा निदान अचूक वृत्तांत तरी माझ्याकडून ऐका. चहा घ्या, आणि हसायचं ते शेवटी हसा.

मी सोलापुरात लोगो आणि पाकिटांची रचना करते. विद्यापीठातून रीतसर पदवी, तिच्यावर दुसरी पदवी, आणि त्या दोन्हींवर न मावणारा आत्मविश्वास. माझा एक नियम होता. ग्राहकाला दोनच संकल्पना दाखवायच्या. एक निवडली गेली की दुसरी त्याच दिवशी समूळ नष्ट करायची! निवडलेल्या कल्पनेवर निष्ठा हवी. मागे उरलेल्या कल्पनेकडे डोळा लावून काम करणं हा मला बौद्धिक व्यभिचार वाटत असे. हो, व्यभिचार. हा शब्द मी एका महाविद्यालयात व्यासपीठावरून वापरला होता, आणि टाळ्या घेतल्या होत्या.

तर अक्का. अक्का गेली कित्येक वर्षं घरात सात बायका घेऊन कडक भाकरी करतात. ज्वारीची, कागदासारखी पातळ, महिनाभर टिकणारी आणि मोडली तर ‘कट्‌’ असा आवाज करणारी. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी. आता त्यांनी दुकानाचा गाळा घेतला होता. उद्घाटन सोमवारी, आणि त्याच सोमवारी पुण्याचा एक व्यापारी पाकिटं बघायला येणार होता. माल पसंत पडला तर अक्कांची भाकरी पहिल्यांदा जिल्ह्याबाहेर जाणार. सात घरांच्या चुली त्या एका पाकिटावर अवलंबून होत्या.

मी दोन मोठे बोर्ड घेऊन त्यांच्या घरी गेले. एकावर भाकरी थापणारा गेरूच्या रंगाचा हात. ठीक होता. सोबतीला ठेवला होता म्हणा ना! आणि दुसऱ्यावर माझी लाडकी संकल्पना: एक शुद्ध वर्तुळ, आणि त्यात एकच तिरका तडा. कडकपणा! आवाज! एका रेषेत अख्खी भाकरी! तो तडा अचूक कोनात बसवायला मला चार दिवस लागले होते.

अक्कांनी दोन्ही बोर्ड नीट पाहिले. पदराला हात पुसले.

“लई कष्ट घेतलासा की ताई,” त्या म्हणाल्या.

मग त्या आत गेल्या आणि हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आल्या. माझ्या तड्याच्या वर्तुळाला हळद लावली, कुंकू लावलं, वर मूठभर ज्वारी ठेवली आणि हात जोडले!

सांगा, यापुढे कसला पुरावा हवा? मी श्रद्धाळू नाही. पण संशोधक म्हणून सांगते, ग्राहकाच्या पसंतीचा इतका निःसंदिग्ध नमुना माझ्या अभ्यासक्रमातसुद्धा नव्हता. लोक नव्या गाडीला कुंकू लावतात, नव्या यंत्राला लावतात. माझ्या लोगोला लावलं! माझे डोळे भरून आले. (रडले नाही. भरून आले. फरक आहे.)

“आणि हा हाताचा?” मी दुसऱ्या बोर्डाकडे बोट दाखवलं.

“ऱ्हाऊ दे की हितंच.”

मला वाटलं, किती सुसंस्कृत बाई! नाकारलेल्या बोर्डालासुद्धा घरात जागा देते! मी कुंकवाचा बोर्ड मिरवत घरी आणला आणि त्याच संध्याकाळी हाताची फाईल पुसून टाकली. नियम म्हणजे नियम.

दोन दिवसांनी फोन केला. “अक्का, मग छपाईला देऊ ना?”

“द्या की! आता कशाला थांबताय?”

‘कोणतं’ हे मी विचारलं नाही. पुरावा इतका स्वच्छ असताना प्रश्न विचारणं मला अशास्त्रीय वाटलं.

रविवारी सकाळी पाकिटांचे गठ्ठे घेऊन मी स्वतः अक्कांच्या दारात रिक्षातून उतरले. घरात बायकांची धांदल, भाकऱ्यांच्या चळती छताला टेकलेल्या. अक्कांनी गठ्ठ्याची सुतळी तोडली, एक पाकीट उचललं, उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

“ताई, ह्यो माल कुनाचा?”

“म्हणजे? आपलाच!”

“न्हाय. ही तर गेली की.”

“कोण गेली?”

“ही! ही फुटकी! तुमीच न्हेली न्हवं त्या दिवशी?”

“अहो, पण तुम्ही हिला हळदीकुंकू लावलंत! ज्वारी वाहिलीत!”

अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. “मग? घरातनं निघालेल्या बाईला हळदीकुंकू न लावता, ओटी न भरता धाडत्यात व्हय? तुमाला कोन धाडतंय का तसं?”

मी इथेच जन्मले, इथेच वाढले. आजवर शेकडो घरांतून निघताना उंबऱ्यात थांबून कुंकू लावून घेतलं. पण बोर्डालाही कोणी सन्मानाने निरोप देईल, हे माझ्या दोन पदव्यांपैकी एकीनेही मला सांगितलं नव्हतं!

“पण तेव्हाच सांगायचं की, आवडलं नाही म्हणून!”

“पैल्यांदा घरी आलेल्या मान्साला तोंडावर नको म्हनायचं? आमच्यात न्हाय चालत.” मग त्यांनी पाकीट माझ्या नाकासमोर धरलं. “आवं, गिऱ्हाईक वाटंत फुटलेली भाकर परत घेऊन येतंय, भांडतंय. आन् तुमी पाकिटावरच फोडून दिली!”

सातही बायका एकदम हसल्या. तिरक्या तड्याचा अचूक कोन कोणाच्याच लक्षात आला नाही.

अक्कांची सून रेणुका मात्र शांत होती. तिने छापखान्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून उत्तर आलं, “मॅडमना म्हणावं हाताची फाईल पाठवा. मशीन आत्ता लावतो, संध्याकाळी पाकिटं देतो.”

रेणुकाने माझ्याकडे पाहिलं. “पाठवा की मॅडम.”

“ती... मी पुसली.”

“कचरापेटीत असंल की कॉम्प्युटरच्या.”

“ती रिकामी केली.”

“दुसरीकडं कुटं ठेवली असंल.”

“तिथूनही काढली. मी शिस्तीची आहे.”

रेणुकाने फोन ठेवला. शिस्त या शब्दाचा इतका अपमान मी त्याआधी कधी अनुभवला नव्हता.

“बोर्ड!” मी ओरडले. “हाताचा बोर्ड इथेच आहे ना! त्याचा फोटो काढू!”

बोर्ड होता. अक्कांनी तो मानाने चुलीच्या समोर लावला होता, आपल्या भाकरीला आपला लोगो दिसावा म्हणून! दहा दिवस त्याने धूर खाल्ला होता. शिवाय प्रत्येक बाईने येता-जाता त्याला ओल्या पिठाच्या बोटांनी नमस्कार केला होता. हात ओळखायला येत नव्हता. आजारी कोबी म्हणून चाललं असतं.

मी चुलीपुढच्या पाटावर बसले. उद्या उद्घाटन, उद्या व्यापारी, आणि माझ्या निष्ठेपायी सात घरांचा माल फुटक्या भाकरीच्या पाकिटात जाणार!

अक्का मात्र बोर्डाकडे बघत होत्या. मग स्वतःच्या तळव्याकडे.

“ताई, चित्र धुरानं गेलं. हात गेलाय व्हय माजा?”

त्यांनी रेणुकाला कानडीत काहीतरी फर्मावलं. परातीत गेरू कालवला गेला, वर डिंकाचं पाणी. अक्कांनी तळवा बुडवला, झटकला आणि धप्पकन पाकिटावरच्या माझ्या वर्तुळावर ठेवला. नेमका तड्यावर!

त्यांनी हात उचलला आणि मी उभीच राहिले! अहो, वर्तुळाची भाकरी झाली होती! तडा तळव्याखाली नाहीसा झाला होता, आणि बोटं अशी पसरली होती, जणू थापण्याचा शेवटचा ठोका आत्ताच पडलाय. माझी लाडकी आणि मी मारून टाकलेली, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. त्यांना वेगळं ठेवायला दोन बोर्ड वापरणारी शहाणी मीच!

“सगळ्यांनी या!” मी किंचाळले. त्या दिवशी दुपारभर सात बायकांचे चौदा हात चालले. प्रत्येक ठसा वेगळा. एकीचं बोट वाकडं, एकीच्या बांगडीची पुसट रेघ. उत्साहाच्या भरात मीही बाही सरसावून परातीत हात घालू लागले, तर अक्कांनी मनगट धरलं.

“बेडा, बेडा! तुमचा नको ताई. गिऱ्हाइकाला लगीच कळंल, ह्या हातानं कदी भाकर थापली न्हाय.”

मी पाकिटं वाळत घालायचं काम स्वीकारलं.

सोमवारी व्यापारी आले. त्यांनी पाकीट हातात घेतलं, ठशावर स्वतःचा तळवा ठेवून पाहिला, मग दुसरं पाकीट, मग तिसरं. “अरे, प्रत्येकावर वेगळा हात!” त्यांनी दर पंधरवड्याला माल पाठवायला सांगितलं. अक्कांनी डोळ्यांना पदर लावला, आणि लगेच कौतुकाने माझी ओळख करून दिली. संपूर्ण ओळख! निरोपापासून कोबीपर्यंत.

ते गृहस्थ पोट धरून हसले. मग गंभीर झाले. “मॅडम, माझ्या पुण्याच्या दुकानाचा लोगोही तुम्हीच करा. फक्त एक अट आहे. तुम्हाला स्वतःला आवडलेलं मला दाखवायचं नाही. बाकीचं सगळं दाखवा.”

मी अट मान्य केली. नियम बदलला होता, एकही कागद टाकायचा नाही असं ठरवून महिनाभर काम केलं. आणि परवा त्यांना पाठवण्यासाठी वही उघडली, तर घोटाळा!

एकवीस संकल्पना होत्या. एकवीसच्या एकवीस मला अतिशय आवडल्या होत्या.